तुऱ्याच्या शेपटीबाबत माझे शेवटचे म्हणणे

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

मी, महालिंगप्पा धोंडप्पा हत्तरगे, वय अडुसष्ट, धंदा शेती, पूर्वीचा धंदा गाडीभाडे, जात लिंगायत, राहणार मौजे जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या धाकाशिवाय आणि कोणाच्या पढवण्याशिवाय माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. पाय सुजतात, ओट्यावरून परसात जायचे तर दोनदा बसावे लागते, पण तो सगळा बिघाड मानेच्या खालचा आहे. माझ्या डोक्याविषयी शंका घेणारे गावात दोन-चार जण निघतील. कुत्र्याच्या शेपटीवरून सख्ख्या भावाशी एकोणीस वर्षे अबोला धरणारा माणूस शहाणा कसा, असे ते उघड विचारतात. त्यांना याच कागदात उत्तर मिळेल, आणि ते ऐकून त्यांचे माझ्याविषयीचे मत सुधारणार नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात खोटे लिहिले असते, म्हणून उशीर झाला तो बरा झाला.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे वाटणीत माझ्याकडे आलेले उत्तरेकडचे अंग, चार खण, मागची पडवी आणि गोठा, हे माझा मुलगा कल्याणप्पा याचे. दक्षिणेकडचे अंग माझा धाकटा भाऊ माणिकप्पा याचे आहेच, त्यात माझा काही हक्क नाही. मधली भिंत वाटणीच्या वेळी आम्ही दोघांनी मिळून घातली, निम्मे दगड माझे, निम्मे त्याचे. परसाच्या बाजूला त्या भिंतीला खाली एक भोक आहे. ती गवंड्याची चूक नाही. दोन्हीकडच्या कुत्र्यांनी ते उकरले आणि दोन्हीकडच्या माणसांनी पाहून न पाहिल्यासारखे केले. माणसे बोलत नसली तरी त्याची शेपूटतोडी आणि माझी शेपूटवाली कुत्री एकाच परातीत तोंड घालून जेवत. कल्याणप्पाने ते भोक बुजवू नये.

कलम दुसरे. ओढ्याकाठचे शेत कल्याणप्पाचे. माळाकडची पट्टी माझी मुलगी शरणम्मा, राहणार अणदूर, हिची, आणि ती तिच्याच नावावर राहावी, जावईबापूंच्या नावावर चढवू नये. जावईबापू माणूस चांगला आहे. पण त्यांनी एकदा एका पिल्लाची शेपटी आणि दोन्ही कान कापून ते पिल्लू अणदुराहून मुद्दाम मला दाखवायला आणले होते. म्हणाले, "मामा, बघा कसं वाघावानी दिसतंय!" वाघाला शेपटी असते हे मी त्यांना तेव्हा सांगितले नाही, कारण ताटे वाढलेली होती. आता सांगतो.

माझी गेलेली बायको गंगम्मा हिची भांडी, तिच्या पाटल्या आणि गोट आणि तिची रोजच्या पूजेची चांदीची वाटी शरणम्माकडे जावी. सुनेने मन मोठे करावे. तिला मी नवे गोट करून दिले होते ते तिने विसरू नये.

कलम तिसरे. आमच्या रीतीप्रमाणे मला बसवून पुरावे, ओढ्याकाठच्या शेतात, गंगम्माच्या शेजारी. स्वामींना बोलवावे. जेवणाला गव्हाची गोड हुग्गी करावी आणि गूळ हात आखडून घालू नये. गंगम्माच्या वेळी तसा घातला गेला आणि लोक वर्षभर बोलत होते. ज्याने आखडला तो अजून गावात आचारी म्हणून मिरवतो. त्याला बोलावू नये.

कलम चौथे. मोठी गाडी, तिचे जू, साट्या, वंगणाचा नळा आणि बैलांच्या घुंगुरमाळा कल्याणप्पाला. आता माल मोटारीने जातो हे मला ठाऊक आहे. तरी गाडी मोडून तिचे सरपण करू नये, निदान शरणम्माची मुले तिच्यावर खेळून मोठी होईपर्यंत तरी.

या गाडीविषयी दोन शब्द लिहितो, ते कायद्याला नको असले तरी मला हवे आहेत. आमचे वडील धोंडप्पा जळकोटाहून सोलापुरास करडीचे तेल आणि तूर नेत. त्यांच्या मागे आम्ही दोघे भाऊ नेऊ लागलो. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, मध्ये एक दिवस पेठेत. सरहद्दीवर निजामाचा करोडगिरी नाका होता, तिथे पोती खाली काढून दाखवावी लागत. पलीकडे गेले की राज्य इंग्रजांचे, पैसा वेगळा, पोलिसाची टोपी वेगळी. घरात आम्ही कानडी बोलत होतो, धंदा मराठीत होता आणि नाक्यावरची हांजी हांजी उर्दूत. बैलांना मराठी कळे. कुत्र्यांना मात्र फक्त कानडी. 'बा' म्हटले की येत, 'होगु' म्हटले की जात. नाक्यावरच्या जमादाराने एकदा आमच्या कुत्र्याला उर्दूत हाकलून पाहिले. कुत्रा त्याच्या खुर्चीखाली जाऊन झोपला.

कुत्री आमची कारवानी, लांब तोंडाची, कमरेला बारीक, धावताना पोट जमिनीला लागेल अशी. उन्हात ती गाडीच्या आसाखाली, दोन चाकांच्या मधल्या सावलीत चालत. चाळीस मैल अशी चालत आणि सोलापूरच्या वेशीत शिरताना आमच्यापेक्षा ताजी दिसत. त्या सगळ्यांत तुऱ्या पहिला. त्याची आई साप चावून मेली तेव्हा त्याचे डोळेही उघडले नव्हते. माणिकप्पाने कापसाचा बोळा दुधात बुडवून त्याला वाढवला, रात्री स्वतःच्या घोंगडीत घेतला. रंग खारकेसारखा, आणि शेपटीच्या टोकाला पांढऱ्या केसांचा झुबका, म्हणून नाव तुऱ्या. पीक कितीही वाढलेले असो, तो झुबका वर दिसे आणि कुत्रा कुठे आहे ते बांधावरून कळे. माणिकप्पा गाडीवर उभा राहून मला सांगायचा, "अण्णा, त्यो बघा तुरा चालला." पांढरा ठिपका हिरव्यातून सरसर जायचा. ते दिवस आठवले की अजून मला गाडीवर चढून उभे राहावेसे वाटते. आता धाप लागते.

कलम पाचवे. हे मिळकतीचे नाही, मताचे आहे. कुत्र्याची शेपटी असावी की तोडावी, यावर आमच्या गावात जेवढे बोलणे झाले तेवढे गावच्या विहिरीवर झाले असते तर विहीर बांधून झाली असती. तोडणारे म्हणतात, शेपटी तोडलेले कुत्रे तिखट होते. लांडग्याला धरायला काही उरत नाही. गोखरू चिकटत नाही. गाडीच्या चाकाखाली येत नाही. रीत अशी की पिल्लू नऊ दिवसांचे झाले की तापवलेल्या विळ्याने तोडायची, वर हळद दाबायची आणि तो तुकडा गुळासकट भाकरीत घालून पिल्लाच्या आईला चारायचा. कुत्रे मोठे असेल तर त्यालाच चारायचा. म्हणजे त्याचा राग त्याच्याच पोटात राहतो म्हणे. आमच्या गल्लीतली कडूबाई या मताची. तिचे बांडे, बिनशेपटीचे कुत्रे खरोखरच तिखट होते. ते पाहुण्यांना चावले, तलाठ्याला चावले, शेवटी कडूबाईलाही चावले, तरी तिचे मत बदलले नाही. जनावरांचे सरकारी सलोत्री एकदा आले होते, ते म्हणाले की शेपटीच्या हाडाचा शरीराला काही उपयोग नाही. मी त्यांना विचारले, तुमच्या मिशीचा काय आहे? त्यांनी आमच्या बैलाला औषध न देताच पेटी मिटली. हे मी चुकलो. बैलाला दोन दिवस पोटफुगी होती.

माझे म्हणणे मी पारावर एकोणीस वर्षे मांडले आहे. सशामागे पळताना कुत्रे वळते ते शेपटीवर तोलून. थंडीत नाक झाकते ते शेपटीने. देवाच्या तसबिरीत खंडोबाच्या घोड्यामागे पळणारे कुत्रे पाहा, सोनारीच्या काळभैरवाजवळचे पाहा, कोणी त्यांच्या शेपटीला विळा लावलेला नाही. आणि आमच्या बिराप्पा धनगराने एकदा जे सांगितले ते मला पुरते पटले. तो म्हणाला, "मालक, कुत्रं भुंकतंय ते गावाला ऐकू जावं म्हून. शेपटीनं बोलतंय ते फकस्त आपल्याशी." बिराप्पा आपल्या कुत्र्यांचे कान कापतो, शेपटीला हात लावत नाही.

ऐकणाऱ्यांना वाटे, महालिंगप्पाला मुक्या जिवांची भारी कणव. कणव नव्हती. मी इतक्या मोठ्याने बोलत होतो ते दुसरे काही ऐकू येऊ नये म्हणून.

कलम सहावे. फसली १३३९ सालच्या, म्हणजे एकोणीस वर्षांमागच्या पौषात हमरस्त्याच्या कडेला आंब्याच्या झाडीत तंबू पडले. दौऱ्यावर एक बडे साहेब आले होते. नाव लिहीत नाही, या प्रकरणात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही. त्यांच्याबरोबर दोन विलायती कुत्री होती, आखूड शेपटीची, साबणाने धुतलेली. माणिकप्पा त्या पहाटे गाडी घेऊन सोलापूरला निघाला होता. तुऱ्याला या खेपेला ठेवून जा, साहेबांना दाखवू, असे मीच त्याला म्हटले होते. तुऱ्या गाडीच्या आसाखालून वेशीपर्यंत त्याच्याबरोबर गेला आणि मग परत आला.

सकाळी मी तुऱ्याला घेऊन तंबूवर गेलो. निम्मे गाव तमाशा पाहायला होते. साहेबांनी त्याचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कुत्ता तो लाजवाब है. मगर ये देहाती दुम! कटवा दो, शान आ जाएगी." सगळे हसले. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो, घरात सून आलेली होती. तरी त्या हसण्याने माझे डोके फिरले. उद्या सकाळी हाच कुत्रा साहेबांसमोर उभा करायचा आणि शान दाखवायची, एवढेच मला दिसू लागले.

त्याच दुपारी मी चुलीत विळा तापवला. तुऱ्याला 'बा' म्हटले, तो आला. खाली बस म्हटले, बसला. गंगम्मा आतून म्हणाली, "अवो, काय करालाय तुमी?" आणि बाहेर येईपर्यंत झाले होते. पिल्लाची शेपटी कोवळी असते, मोठ्या कुत्र्याचे हाड असते, हे मला कळत नव्हते असे नाही. तो ओरडला तसे ओरडणे मी त्यानंतर ऐकले नाही. एवढा मोठा कुत्रा, एका झटक्यात माझा हात तोडला असता. चावला नाही. थरथरत राहिला आणि माझ्याच मनगटाला नाक लावून बसला. मग मी रीत पाळायला गेलो. पांढऱ्या झुबक्याचा तो तुकडा गूळ घालून भाकरीत गुंडाळला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो हुंगला, माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली. तो तुकडा मी परसातल्या लिंबाखाली पुरला. गंगम्माने जखमेवर हळद लावून फडके बांधले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुसून तंबूवर नेले. तंबू नव्हते. साहेब पहाटेच पुढच्या मुक्कामाला गेले होते. चुलींची राख होती आणि घोड्यांची लीद.

पाचव्या दिवशी दिवस कलताना माणिकप्पाची गाडी यायची होती. घरी पोहोचून त्याने कुत्रा पाहण्याआधी आपण सांगावे म्हणून मी शेतापर्यंत सामोरा गेलो. तुऱ्याला घरात कोंडून गेलो. गाडी आली, मी चढून त्याच्या शेजारी बसलो. तो खुशीत होता, भाव चांगला मिळाला होता.

"तुऱ्या कसा हाय, अण्णा? सायबानं बघितला का?"

"बघितला की. लई आवडला."

एवढेच मी बोललो. पुढच्या वळणावर सांगू, ओढा ओलांडला की सांगू, असे करत मी त्याच्याकडून सोलापूरच्या पेठेची हकिकत ऐकत राहिलो. घरी गंगम्माने काही कामासाठी दार उघडले होते आणि तुऱ्याने घुंगुरमाळा ऐकल्या होत्या. तो रस्ता सोडून सरळ आमच्या गव्हातून धावत आला. गहू कमरेला लागत होता. ताटे हलू लागली, रेघ सरळ आमच्याकडे येऊ लागली. रानडुकरांनी त्या साली सगळ्यांच्या गव्हाची नासाडी केली होती. माणिकप्पा ताडकन उभा राहिला. "अण्णा, डुक्कर! डुक्कर शिरलंय गव्हात!" गोफण त्याच्या बसायच्या पोत्याखाली असायची. तुऱ्या असेल अशी शंका त्याला कशी यावी? तुऱ्या असता तर पांढरा झुबका दिसला असता.

मला मात्र ठाऊक होते ते काय येते आहे. मी तोंड उघडले. मारू नको, तुऱ्या हाय. चार शब्द. ते म्हटले असते तर त्याने पुढे विचारले असते, मग तुरा कुठं हाय? आणि मी त्या प्रश्नाचे उत्तर जुळवत बसलो. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. गोफण तीनदा फिरली आणि सुटली. माणिकप्पाचा नेम पंचक्रोशीत नावाजलेला होता.

त्याने गव्हात जाऊन त्याला उचलून आणले तेव्हा जीव थोडा उरला होता. माणिकप्पा त्याचे नाव घेत होता आणि माझा भाऊ असा रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिला नव्हता. मग त्याचा हात हळदीच्या फडक्याला लागला. त्याने विचारले, "अण्णा, शेपूट?"

आता जे लिहितो त्यासाठी हा सगळा कागद केला आहे. मी म्हणालो, "तुझ्याच गाडीच्या चाकाखाली आली. तू निघालास त्या पहाटे. सडू नये म्हणून तोडावी लागली."

हे खोटे आहे. त्याच्या चाकाने काही केले नाही. शेपटी मी तोडली, स्वतःच्या मिरवण्यासाठी तोडली. हाक मारता येत असून मी मारली नाही. आणि वर दोन्ही पापे धाकट्या भावाच्या पदरात बांधली. तुऱ्याचा जीव जाईपर्यंत तो त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मला वाटले, पटले.

त्याच महिन्यात घरच्या कुत्रीला तुऱ्याची पिल्ले झाली. नवव्या दिवशी माणिकप्पा परसात विळा घेऊन बसला. मी ओरडलो, तोडू नको. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "चाकाखाली येऊ नये म्हून तोडतो, अण्णा. तुमीच सांगितलं न्हवं का?" दोन पिल्लांच्या शेपट्या त्याने तोडल्या होत्या, दोन पिल्ले मी हिसकावून घेतली. शब्दाला शब्द लागला. मी त्याला खाटीक म्हणालो. मी! पुढे वाटण्या झाल्या, भिंत आली, बोलणे बंद झाले. त्याने गोफण चुलीत घातली आणि गाडीला पुन्हा हात लावला नाही, म्हणून गाडी माझ्याकडे आली. दर वेताला भिंतीपलीकडून मला ऐकू येईल अशा आवाजात तो कोणाला तरी तेच सांगे, चाकाखाली येऊ नये म्हणून. ते ऐकले की मी पारावर जाऊन शेपटीची बाजू आणखी मोठ्याने मांडी. गावाने त्याला दोन भावांच्या दोन मतांचे भांडण म्हटले. माझे मत खरे होते, पण ते बाळगायला मी लायक नव्हतो.

गंगम्मा सगळे जाणून होती. सहा वर्षांमागे ती गेली. शेवटच्या दिवशी तिने ना मुलाचे सांगितले ना मुलीचे. म्हणाली, "माणिकप्पाला तेवढं सांगा." मी हो म्हणालो होतो. गंगम्मा, मी सांगितले नाही गं. भीती वाटली.

कलम सातवे. हरणी कुत्रीबाबत. गेल्या साली निजामाचे राज्य जाण्याच्या धामधुमीत आम्ही सगळे, भिंतीच्या अलीकडचे आणि पलीकडचे, घरे बंद करून सरहद्दीपलीकडे नातेवाइकांकडे गेलो होतो. कुत्री मागे राहिली. परत आलो तेव्हा माणिकप्पाचे एकही उरले नव्हते. माझी हरणी तेवढी जिवंत होती, बरगड्या मोजता येत होत्या, आणि ती माझ्या दारात नव्हती. भिंतीच्या भोकातून पलीकडे जाऊन माणिकप्पाच्या उंबऱ्यावर पडून होती. तुऱ्याच्या वंशाचे आता तेवढे एकच जनावर. ती बिराप्पाच्या कुत्र्यापासून गाभण आहे आणि आठ-दहा दिवसांत विणार. तेवढे दिवस मी काढीन की नाही याची खात्री नाही.

तिला कोणाला द्यावे यावर मी पुष्कळ विचार केला. कल्याणप्पा म्हणतो, "आप्पा, कुत्र्याचं मला सांगू नका." जावईबापूंचे वर लिहिलेच आहे. मी लिहिले होते की जो पिल्लांची शेपटी तोडणार नाही अशी शपथ घेईल त्यालाच हरणी मिळेल आणि शपथ मोडली तर हक्क बुडेल. ती ओळ वर समासात खोडलेली दिसते. खाडाखोड माझीच आहे, बाजूला सही केली आहे. हरणी आणि तिची होणारी सगळी पिल्ले माणिकप्पाची. अट नाही. विळा त्याचा, हात त्याचा. तोडायच्या तर त्याने तोडाव्या, मी भिंतीवरून ओरडणार नाही. मला फार वाटते की त्याने तोडू नयेत. पण मागायला माझ्याकडे तोंड नाही.

आता एक कायद्याची अडचण. तुळजापूरच्या वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने त्याच मृत्युपत्रावर साक्ष घालू नये, पुढे वाद होतो. आणि मला साक्षीदार माणिकप्पाच हवा आहे. म्हणून हे सातवे कलम इथेच रद्द करतो. मृत्युपत्राने मी माणिकप्पाला काहीही देत नाही. हरणी त्याला आजच, माझ्या जिवंतपणी, दोरीसकट देत आहे. ती या कागदाबरोबरच जाईल.

तोच का हवा, तेही लिहितो. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. मेलेल्या माणसाने माफी मागितली तर समोरच्याला नाही म्हणायची सोय राहत नाही. चार लोक म्हणतात, जाऊ दे आता, गेला बिचारा. माणिकप्पाला नाही म्हणायची सोय असली पाहिजे. साक्षीदाराने कागद वाचून सही करायची असते. त्याने सगळा वाचावा. सही केली नाही तर हा कागद फाडून टाकावा. मग शरणम्माच्या पट्टीचे, हुग्गीच्या गुळाचे आणि बाकी सगळ्याचे जे व्हायचे ते होवो. त्याच्या सहीशिवाय मला हे मृत्युपत्र नको.

बिराप्पासमोर खाली सही करतो. तो कागद आणि हरणी घेऊन पलीकडे जाईल. मी ओट्यावर बसून आहे.

मौजे जळकोट, चैत्र वद्य सप्तमी, शके १८७१, बुधवार, तारीख २० एप्रिल १९४९.

सही: महालिंगप्पा धोंडप्पा हत्तरगे

साक्षीदार पहिला: बिराप्पा धनगर, राहणार जळकोट, याच्या डाव्या हाताचा अंगठा. मालकांनी माझ्यादेखत सही केली.

साक्षीदार दुसरा: माणिकप्पा धोंडप्पा हत्तरगे, राहणार जळकोट. समदं वाचलं. साक्षीदारासमोर सही व्हावी लागती आन तुमी माझ्यासमोर केलेली न्हाय, म्हून मी इकडं ओट्यावर येऊन बसलो हाय. पुन्हा करा.

अण्णा, त्या पहाटं तुऱ्याला वेशीतून म्याच माघारी धाडला हुता. 'होगु' म्हटलं तवा शेपूट वर करून पळत गेला. म्या बघितलं हुतं. चाकाचं खोटं हाय हे मला गव्हाच्या बांधावरच कळलं. तुमी सांगाल म्हून वाट बघितली. दर वेताला चाकाचं नाव घेऊन तोडत गेलो, कवातरी तुमी 'चाकानं न्हाय' म्हणाल म्हून. तेवढ्या पिल्लांचं पाप माझं हाय, ते तुमच्या कागदात घालू नका. ह्या बारीला तोडणार न्हाय. माफीचं कागदावर लिहीत न्हाय, तोंडानं बोलू.

सही: माणिकप्पा धोंडप्पा हत्तरगे

सही दुसऱ्यांदा, साक्षीदार माणिकप्पा शेजारी बसला असताना: महालिंगप्पा धोंडप्पा हत्तरगे